मुलाचा कारभार मुलाच्या हवाली

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या डब्यात काय द्यावे, याविषयी आपल्याकडे पाकशास्त्राच्या पुस्तकांपासून दैनिकांच्या रविवार पुरवण्यांपर्यंत विपुल लेखन झालेले आहे. परंतु तो डबा त्या मुलाला आपल्या हाताने उघडता येतो की नाही, हा त्याहून आधीचा प्रश्न मात्र जूनमध्ये शाळा सुरू होऊन दोन आठवडे लोटल्यावर, पोळीभाजी जशीच्या तशी घरी परत येऊ लागली म्हणजेच पुष्कळ आईबापांच्या ध्यानात येतो. भूक नसेल, भाजी आवडली नसेल, मुलांच्या गलबल्यात खाण्याकडे लक्ष गेले नसेल, अशी नाना कारणे आपण शोधीत बसतो. आणि खरे कारण पुष्कळदा एवढेच असते की घट्ट झाकणाचा तो स्टीलचा डबा उघडण्यास लागणारा जोर पाच वर्षांच्या बोटांत नसतो, आणि भरल्या वर्गात बाईंपाशी जाऊन 'एवढे उघडून द्या' असे म्हणण्याचे धैर्य अद्याप अंगी आलेले नसते. म्हणून पुस्तकांना कव्हरे घालण्याच्या आधी, मे महिन्याच्या सुट्टीतच, जो डबा शाळेत न्यावयाचा त्याच डब्यात दुपारचा खाऊ भरून तो मुलापुढे ठेवावा आणि आपण शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसावे. चार दिवसांत झाकण वश झाले तर उत्तमच. न झाले तर दुसरा, कडीचा किंवा सैल झाकणाचा डबा आणावा. हट्ट डब्याशी धरावा, मुलाशी धरू नये.

पाण्याच्या बाटलीचे बूच, दप्तराची चेन, बुटाची पट्टी, पावसाळ्यात रेनकोटची बटणे, या सर्वांची अशीच रंगीत तालीम व्हावी. पण या यादीत ज्या गोष्टीचा उल्लेख करण्यास आपण सभ्यपणामुळे कचरतो, तिचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. फ्लॅटमध्ये वाढलेल्या आणि जन्मापासून कमोडखेरीज दुसरे काही न पाहिलेल्या मुलाला शाळेतील भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर उकिडवे बसता येत नाही, चड्डीचा हुक किंवा नाडीची गाठ वेळेवर सुटत नाही, आणि या दोन संकटांपेक्षा सकाळपासून सुटेपर्यंत कळ सोसणेच त्याला सोपे वाटते. जे मूल शाळेतून आल्या आल्या दप्तर फेकून न्हाणीघराकडे धावते, त्याच्या त्या धावण्याचा अर्थ पालकांनी समजून घ्यावा. पहिल्या वर्षी कपडे इलॅस्टिकचे आणि पुढून उघडणारे असावेत, घरी उकिडवे बसण्याचा सराव करवून घ्यावा, आणि 'जायचे आहे' हे कोणाला, कोणत्या शब्दांत सांगावयाचे, हे मुलाकडून आपल्यासमोर मोठ्याने म्हणवून घ्यावे. कविता पाठ करून घेतो त्याहून याचा उपयोग अधिक होतो.

ही झाकणे, हुक आणि गाठी क्षुल्लक वाटतात खऱ्या; परंतु बालशिक्षणाचा जो विचार गेल्या शतकात आपल्याकडे रुजला, त्याने या क्षुल्लक वस्तूंना फार मानाचे स्थान दिलेले आहे. मारिया मॉन्टेसरी या मूळच्या वैद्यक शिकलेल्या विदुषीने १९०७ साली रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. तिच्या पद्धतीत अक्षरांच्या आणि अंकांच्या साधनांबरोबर लाकडी चौकटींवर ताणून बसवलेली कापडे असतात, आणि त्यांवरील बटणे, हुक व नाड्या मुलांनी आपापल्या लावावयाच्या आणि सोडावयाच्या असतात. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी या पद्धतीला भारतीय रूप दिले, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली, आणि पुढे ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीस व १९५७ साली अनुताई वाघ यांच्या साहाय्याने डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आपले कार्य नेले. तेथील वारली मुले गुरे राखण्यात गुंतल्यामुळे शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच या बायांनी शाळाच कुरणावर नेली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. मला त्यातील एक गोष्ट विचारात पाडते ती अशी, की सात वर्षांच्या त्या वारली मुलाला गुरे वळवता येत होती, धाकटे भावंड कडेवर घेऊन सांभाळता येत होते. स्वावलंबनाचे पाठ त्याला कोणी द्यावयास नको होते, त्याला हवी होती ती शाळा आणि बालपणाची थोडी फुरसत. आपल्या घरातील मुलाची अवस्था नेमकी उलटी आहे. त्याला शाळा तीन वर्षांपासून मिळते, आणि आपल्या हाताने करण्याजोगे काम मात्र सहा वर्षे उलटली तरी हाती लागत नाही.

ते का लागत नाही, याचे उत्तर प्रेम असे देण्याचा प्रघात आहे. मला ते पटत नाही. मुलाच्या पायात मोजे आपण घालतो ते प्रेमाने नव्हे, तर रिक्षावाल्याने खालून हाक मारलेली असते म्हणून. सध्या पहिलीत असलेली माझी मुलगी आपल्या गणवेशाची बटणे लावावयास बसते तेव्हा ती खालच्या बटणापासून आरंभ करते, प्रत्येक बटण काजात अर्धे शिरले की थांबून ते पलीकडून बाहेर येते काय हे वाकून पाहते, गळ्यापाशी पोचल्यावर एक काज जास्त उरल्याचे तिच्या लक्षात येते, आणि मग कसलाही खेद न मानता, जणू काही ठरल्याप्रमाणेच चालले आहे अशा गांभीर्याने, ती सर्व बटणे सोडून पुन्हा खालून सुरुवात करते. या सर्व विधीस सात-आठ मिनिटे लागतात. घड्याळाकडे पाहणाऱ्या मोठ्या माणसाला ती सात-आठ मिनिटे असह्य होतात, हात आपोआप पुढे जातो, आणि अर्ध्या मिनिटात काम उरकते. असा पुढे गेलेला हात काही दिवसांनी मुलाला आपल्या हक्काचा वाटू लागतो. मग ते बटणे लावावयाचे सोडून उभे राहून वाट पाहू लागते, आणि आपण त्याला आळशी म्हणतो. सारांश, मुलाला स्वावलंबी करावयाचे असेल तर त्याला उपदेशापेक्षा मिनिटांची गरज अधिक आहे, आणि ती मिनिटे सकाळच्या कारभारातून काढून ठेवणे हे आईबापांचे काम आहे.

ती काढावयाची कोठून? राज्य शासनाने २०२४च्या फेब्रुवारीत पूर्वप्राथमिकपासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला तो मुलांच्या झोपेचा विचार करून. त्याचा अंमल सर्वत्र सारखा झालेला नाही, आणि जेथे झाला तेथेही आपण तो वाढीव तास मुलाच्या हाती न देता आपल्याच उशिरा उठण्यात खर्ची घालतो. उपाय रात्रीच करून ठेवावा लागतो. झोपण्यापूर्वी गणवेश खुर्चीवर, मोजे बुटात, भरलेले दप्तर दाराशी, आणि हे सर्व मुलाने ठेवावयाचे, आपण फक्त शेजारी उभे राहावयाचे, एवढी शिस्त लागली की सकाळची निम्मी घाई ओसरते. उरलेली घाई ओसरण्यास घरातील पुरुषांनी थोडे हलले पाहिजे. बहुतेक मराठी घरांत शाळेची सकाळ आईच्या एकटीच्या अंगावर असते. तिने एका हाताने पोळ्या लाटावयाच्या, दुसऱ्या हाताने वेणी घालावयाची, आणि तिसऱ्या, अस्तित्वात नसलेल्या हाताने मुलाच्या स्वावलंबनाची प्रतीक्षा करावयाची, ही अपेक्षा अन्यायाची आहे. बाप चहाचा पेला घेऊन मुलाच्या शेजारी पंधरा मिनिटे नुसता बसला आणि त्याने हात मांडीखाली दडपून ठेवले, तरी पुष्कळ काम होते.

काय सोपवावे आणि कोणत्या क्रमाने, याचा एक ठोकळेबाज तक्ता करता येईल. मी तो मुद्दाम करीत नाही, कारण असे तक्ते भिंतीवर लागतात आणि मग शेजारच्या मुलाशी तुलना सुरू होते. मात्र एक पथ्य सांगतो. एकदा सोपवलेले काम परत घेऊ नये. संस्थानचा राजा अज्ञान असेतोवर कारभाऱ्याने राज्य चालवावे आणि तो वयात आला की दप्तर, शिक्के व खजिन्याच्या किल्ल्या त्याच्या हवाली कराव्या, अशी वहिवाट असे. किल्ल्या देऊन दुसऱ्या दिवशी घाईचे निमित्त सांगून त्या परत मागणारा कारभारी कोणाच्याही विश्वासास पात्र ठरला नसता. आजारपण आणि प्रवास हे अपवाद समजावेत. पाहुण्यांसमोर मूल वेंधळे दिसेल, हा अपवाद समजू नये.

घरात आजी असेल तर या व्यवहारात एक नाजूक कलम वाढते. नातवाला मांडीवर बसवून चिऊ-काऊचे घास भरवण्यात आजीचे सुख आहे, आणि सहा वर्षांच्या मुलाला अद्याप भरवावे लागते यात तिच्या दृष्टीने काहीच वावगे नाही. येथे सुनेने नियमांचे कलम पुढे करून उभे राहिल्यास भरवणे थांबत नाही, ते फक्त चोरून चालते. त्यापेक्षा मुलाच्या वडिलांनी आपल्या आईपाशी बसून, 'आई, शाळेत त्याला भरवायला कोणी नाही, तिथे तो उपाशी राहतो,' एवढेच सांगावे. नातू उपाशी राहतो हे वाक्य आजीला जे पटवते ते बालमानसशास्त्राच्या दहा ग्रंथांना पटवता येत नाही. आणि तिच्याकडून एक सुख काढून घेताना दुसरे द्यावे. पाढे, पावकी-निमकी, परवचा, रात्रीची गोष्ट, हा सर्व मुलूख निर्विवाद तिचा असू द्यावा, व तेथे आपण ढवळाढवळ करू नये.

शाळेच्या फाटकाशी होणाऱ्या रडण्याविषयी आता थोडे. मूल बाईंच्या हाती देऊन, ते खेळण्याकडे वळले की नजर चुकवून पसार होण्याची युक्ती अनेकांना सोयीची वाटते. तिचा परिणाम असा होतो की मूल दुसऱ्या दिवसापासून खेळण्याकडे वळतच नाही, ते तुमच्या ओढणीचे किंवा सदऱ्याचे टोक धरून उभे राहते. जाताना सांगून जावे, एकदाच सांगावे आणि मागे वळून येऊ नये. केव्हा न्यावयास येणार हे घड्याळाच्या भाषेत सांगण्यात अर्थ नसतो. 'डबा खाऊन झाला, मग खेळून झालात, मग बाईंनी गोष्ट सांगितली, की मी दारात उभी असेन,' असे मुलाच्या दिवसाच्या भाषेत सांगावे. आणि मग खरोखरच उभे असावे. पहिल्या महिन्यात न्यावयास पाच मिनिटे उशीर होण्यापेक्षा कचेरीत अर्धा तास उशिराचा शेरा पत्करलेला बरा.

रडणे थांबते. त्यानंतर जी गोष्ट सुरू होते तिची तयारी मात्र मुलापेक्षा आईबापांनाच अधिक करावी लागते. आजवर या जिवाच्या दिवसाचा कोपरान् कोपरा आपल्याला ठाऊक होता. त्याने काय खाल्ले, कोठे पडले, कोणत्या शब्दाने हसले, याची रोजनिशी आपल्या डोक्यात होती. आता दिवसाचे पाच तास आपल्या माहितीबाहेर गेले, आणि त्या पाच तासांत त्याची स्वतःची माणसे, स्वतःची भांडणे, स्वतःच्या फजित्या आणि स्वतःचे विनोद निर्माण झाले. हे त्याचे पहिले खासगी आयुष्य होय. ते आपल्याला पुरते कळणार नाही, ही गोष्ट ज्या घरांत मान्य होत नाही तेथे शाळा सुटल्याबरोबर उलटतपासणी सुरू होते: आज काय शिकवले, बाई काय म्हणाल्या, तुला किती शेरे मिळाले, शेजारच्या मुलीला किती मिळाले. त्या सर्वांना एकच उत्तर मिळते, 'काही नाही'. थकलेल्या कारकुनाला घरी आल्या आल्या दिवसभराच्या फायलींचा गोषवारा कोणी मागितला तर तोही हेच उत्तर देईल.

त्यापेक्षा तासभर काहीच विचारू नये. हातपाय धुऊन होऊ द्यावेत, पोटात काही जाऊ द्यावे, अंगणात किंवा जिन्यावर थोडे हुंदडू द्यावे. विचारावयाचेच तर अगदी लहान आणि साध्या उत्तराचा प्रश्न विचारावा, जसे की डबा कोणाशेजारी बसून खाल्लास, किंवा आज खिडकीपाशी कोण बसले होते. मोठ्या बातम्या बहुधा रात्री, दिवा मालवल्यावर, तोंडे एकमेकांना दिसत नसताना येतात. त्या वेळी 'मग तू काय केलेस?' यापलीकडे बोलू नये, आणि हातातला मोबाइल तर दुसऱ्या खोलीतच असावा. शेवटास काय झाले हे मुलाने सांगितले नाही तरी ते विचारून काढू नये.

परंतु मुलाचे खासगी आणि मुलावर लादलेले गुपित यांत भेद आहे, तो त्याला या वयातच स्पष्ट सांगितला पाहिजे. शरीराच्या अवयवांची नावे न लाजता सांगावीत. कोणी मोठ्या माणसाने, मग ते घरातले, ओळखीचे, शाळेचे वा गाडीचे असो, हात लावला, काही दाखवले, आणि 'आईला सांगू नकोस' असे बजावले, तर ती गोष्ट हटकून आईला सांगावयाची, हा नियम रस्ता ओलांडण्याच्या नियमाइतक्याच साध्या आवाजात पुन्हा पुन्हा सांगावा. अशा अपराधांसाठी २०१२ सालचा पॉक्सो कायदा आहे, आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक अहोरात्र चालू असतो. पण कायदा आणि दूरध्वनी यांच्यापर्यंत गोष्ट पोचावयाची असेल तर ती आधी तुमच्यापर्यंत पोचली पाहिजे. आणि पेन्सिल हरवल्याचे सांगितले तेव्हा ज्या घरात आकांत झाला, तेथे मूल यापेक्षा मोठी गोष्ट सांगण्याचे धाडस करील, असे मला वाटत नाही.

पेन्सिलीवरून आठवले. हरवणे आणि विसरणे हा पहिली-दुसरीचा स्थायीभाव आहे. विसरलेली वही घेऊन शाळेच्या फाटकाशी धावत जाणारे वडील मी रोज पाहतो. त्यांच्या चपळाईचे कौतुक वाटते, पण वही विसरल्याचा अनुभव कोणाला आला, मुलाला की वडिलांना, हे त्यांनी स्वतःशी पाहावे. डबा, चष्मा आणि औषध एवढे जरूर नेऊन द्यावे, बाकी काही नेऊ नये. मात्र हा आपला निर्णय बाईंना आधी सांगून ठेवावा, म्हणजे विसरणाऱ्या मुलाला घरच्या धोरणाची शिक्षा शाळेत होणार नाही. तशी शिक्षा करण्याची मुभा कोणत्याही शाळेला नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंनाही मनाई केलेली आहे. गृहपाठाचेही असेच. दप्तराविषयीच्या २०२०च्या राष्ट्रीय धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा आणि दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नसावे असे म्हटलेले आहे. तरीही रात्री साडेनऊ वाजता पालकांच्या व्हॉट्सॲप समूहावर 'आज मराठीचे कोणते पान दिले आहे?' अशी विचारणा होते आणि दहा जण त्यास पानाचा फोटो जोडून उत्तर देतात. बाईंचे ऐकून पान लक्षात ठेवणे हाच त्या वयाचा खरा गृहपाठ आहे, आणि तो आईवडील परस्पर करून टाकतात.

'ती माझ्याशी कट्टी आहे' ही बातमी आली की आपल्या पोटात कालवते. तरी दुसऱ्या मुलीच्या आईला फोन करू नये. आपण फोनवर अवघडून बोलत असतो तोवर तिकडे बहुधा बट्टी झालेली असते, आणि मुले खेळू लागल्यावरही दोन आया महिनाभर अबोला धरून बसतात. मात्र शाळेच्या दिवशीच सकाळी पोटात दुखत असेल आणि रविवारी दुखत नसेल, बंद झालेले अंथरूण ओले होणे पुन्हा सुरू झाले असेल, डबा उघडता येत असूनही तो परत येत असेल, तर वाट पाहू नये. बाईंची वेळ मागून घेऊन मुलाच्या अपरोक्ष बोलावे.

शाळेबाहेरच्या उलाढालीचा आरंभ त्याच मजल्यावरील काकूंकडून विरजण आणण्यापासून व्हावा. त्यानंतर खालचा वाणी, तोही रस्त्याच्या याच बाजूचा. येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज लहान मुलाला येत नाही, तेव्हा रस्ता ओलांडण्याच्या बाबतीत घाई करून शौर्य दाखवू नये. कोथिंबिरीऐवजी मेथीची जुडी आली तर त्या दिवशी मेथीची भाजी करावी.

राहता राहिली पालकसभा. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ती भरते, आणि बाईंच्या टेबलापुढे रांगेत उभे राहून आपण सर्वजण 'अभ्यासात कशी आहे?' हा एकच प्रश्न विचारून परततो. त्याऐवजी, आमची मुलगी येथे आपल्या हाताने काय काय करते, असे विचारून पाहावे. घरी पाण्याचा पेला हातात दिल्याशिवाय न पिणारी मुलगी वर्गात रोज फळा पुसते, धाकट्या मुलांना रांगेत उभे करते, आणि डबा खाल्ल्यावर जागा झाडून काढते, असे बाई सांगू लागल्या म्हणजे आपण दुसऱ्याच कोणाच्या मुलीविषयी ऐकत आहोत की काय असा भास होतो. त्यांनी सांगितलेल्या कामांपैकी एक निवडून, सोमवारपासून ते घरीही तिच्यावर सोपवावे, आणि ते तिला येते ही बातमी आपल्याला कोठून लागली हे तिला सांगू नये.